व्यायामानें किती उष्मांक जळतात?

वार्षिक क्रीडासामन्यांची तयारी चालू असतांना आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी मैदानावर भोंवळ येऊन पडली. सकाळचे आठ वाजले होते. ऊन असें फारसें नव्हतें. तोंडावर पाणी शिंपडलें, गूळपाणी पाजलें, तेव्हां थोड्या वेळानें ती उठून बसली आणि "कांहीं नाहीं सर, रात्रीं झोप झाली नव्हती," असें म्हणाली. गोष्ट तेथेंच मिटावयाची. परंतु दोन दिवसांनीं तिची गणिताची वही तपासावयास आमच्या हातीं आली, आणि वहीच्या शेवटच्या पानावर आम्हांस एक निराळेंच गणित आढळलें. डाव्या बाजूस ‘पोळी १, भात अर्धी वाटी, चहा’ अशी यादी व प्रत्येकापुढें आंकडा. उजव्या बाजूस ‘दोरी, धांवणें, जिने’ व त्यांपुढें आंकडे. आणि खालीं वजाबाकी. डावीकडील बेरीज ११००, उजवीकडील ९००. बाकी उरलेल्या २०० या आंकड्याखालीं तांबड्या शाईनें दोन रेघा ओढल्या होत्या, जणूं काय तें कोणाचें देणें फेडावयाचें राहिलें होतें.

तिच्या आईस बोलावून विचारलें. त्या म्हणाल्या, "सर, दोन महिने झाले, डबा अर्धा तसाच परत आणते. कांहीं बोलायला जावं तर म्हणते, सरांनींच सांगितलंय, खाल्लेलं जिरवलं पाहिजे."

वाक्य आमचेंच होतें. ऊर्जेचा धडा शिकवितांना, मधल्या सुट्टींत वडापाव खाऊन वर्गांत पेंगणाऱ्या मुलांस उद्देशून आम्हीं तें हंसत हंसत उच्चारिलें होतें. वर्ग हंसला, आम्ही पुढील विषयाकडे वळलों, आणि एका मुलीनें तें मनावर घेतलें. तेव्हां हा लेख म्हणजे एका अर्थीं आमचें दुरुस्तीपत्रक होय. व्यायामानें मनुष्याच्या हातून खरोखर किती उष्मांक खर्च होऊं शकतात, याचा हिशेब विद्यार्थी व त्यांचे पालक यांजपुढें मांडावा असें आम्हीं त्याच दिवशीं ठरविलें.

प्रथम शब्दाविषयीं. एक लिटर पाण्याचें तपमान एक अंश सेल्सिअसनें वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेस आहारशास्त्रांत एक उष्मांक म्हणतात. खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर जीस किलोकॅलरी असें छापतात आणि बोलण्यांत सारे लोक नुसती कॅलरी म्हणतात, ती हीच. पदार्थविज्ञानांतील मूळ कॅलरी हिच्या एक सहस्रांश असते. हा नामसाम्याचा घोटाळा परीक्षेंत पुष्कळांस नडतो, म्हणून येथें सांगून ठेविला. ज्यूलच्या मापानें एक उष्मांक म्हणजे सुमारे ४२०० ज्यूल. एक ग्रॅम साखरेपासून अथवा पिष्टापासून ४, एक ग्रॅम प्रथिनापासून ४, आणि एक ग्रॅम तेलातुपापासून ९ उष्मांक शरीरास मिळतात.

हे आंकडे कोणी कल्पनेनें बसविलेले नाहींत. ते मोजण्यासाठीं फार चिकाटीचे प्रयोग झाले आहेत. फ्रान्समधील लव्हाझिये या रसायनशास्त्रज्ञानें लाप्लास या गणित्याच्या साह्यानें १७८२-८३ च्या हिंवाळ्यांत बर्फानें वेढलेल्या एका भांड्यांत गिनीपिग नांवाचा लहानसा प्राणी ठेविला, आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनें बर्फ वितळून किती पाणी ठिबकतें तें तोलून पाहिलें. त्या प्राण्यानें श्वासावाटे किती कर्बवायु सोडला हेंही मोजलें. तितकाच कर्बवायु कोळसा जाळून उत्पन्न केला तर किती बर्फ वितळतो, याच्याशीं ताळा घातला असतां दोन्ही हिशेब बरेच जुळले. श्वासोच्छ्वास म्हणजे मंदगतीचें ज्वलन होय, हा सिद्धांत अशा रीतीनें थेंबाथेंबानें सिद्ध झाला. पुढें १७९० च्या सुमारास सेगँ या सहकाऱ्यास पुढें बसवून, पायानें वजन उचलीत असतां मनुष्य विश्रांतीपेक्षां किती तरी अधिक प्राणवायु ओढून घेतो, हें लव्हाझियेनें मोजलें. व्यायामाचा उष्मांकांत हिशेब करण्याचा आरंभ येथून झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याचा शिरच्छेद झाला, आणि तें काम पुष्कळ दिवस मागें पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेंतील वेस्लियन विद्यापीठांत ॲटवॉटर यानें माणूस मावेल एवढी बंद खोलीच उष्णतामापक म्हणून बांधली. तींत माणसांस कित्येक दिवस ठेवून, जागच्या जागीं फिरणाऱ्या सायकलीवर राबवून, त्यांनीं खाल्लेल्या अन्नाचा व बाहेर पडलेल्या उष्णतेचा मेळ त्यानें घालून दाखविला. पाकिटांवरील ४ व ९ हे आंकडे त्याच्याच परंपरेंतून आलेले आहेत.

आतां आपल्या शाळेंत येऊं. नववीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि त्याची जमीन पटांगणापासून १० मीटर उंच आहे; हें अंतर विद्यार्थ्यांनीं दोरीस दगड बांधून, वरून खालीं सोडून मोजलें. ४५ किलो वजनाचा विद्यार्थी तितका वर चढला म्हणजे त्यानें किती काम केलें? ४५ गुणिलें ९.८ गुणिलें १०, म्हणजे ४४१० ज्यूल; उष्मांकांत सांगावयाचें तर एकाहून किंचित् अधिक. परंतु स्नायु हें काटकसरी यंत्र नव्हे. जितकी शक्ति तो खर्च करितो तिच्यापैकीं सुमारे चौथाईच कामीं लागते. बाकीची उष्णता होऊन जाते, आणि ती बाहेर टाकण्यासाठींच आपणांस घाम येतो. तेव्हां जिना चढण्याचा खरा खर्च चौपट, म्हणजे सव्वाचार उष्मांक धरावा. एक ग्रॅम साखरेंतून ४ उष्मांक मिळतात हें वर आलेंच आहे. म्हणजे तीन मजले चढण्याचा खर्च एक ग्रॅम साखरेएवढा! चहाच्या चमच्यांत पांच ग्रॅम साखर मावते. तो एक चमचा खर्ची घालावयाचा तर जवळजवळ पांच वेळां पटांगणापासून वर्गापर्यंत चढलें पाहिजे. हें उत्तर फळ्यावर आलें तेव्हां मुलांचा त्यावर विश्वास बसेना. दोघांनीं गुणाकार पुन्हां करून पाहिला.

पुण्याच्या मुलांस सिंहगड परिचयाचा असतो. आतकरवाडीच्या बाजूनें पायीं गेलें तर चढ सुमारे ६०० मीटरांचा आहे. वरच्याच रीतीनें मांडिलें असतां ४५ किलोच्या विद्यार्थ्यास गड चढण्यास अडीचशें, आणि ६० किलोच्या गृहस्थास साडेतीनशेंच्या आसपास उष्मांक लागतात. आडवें अंतर चालण्याचा खर्च वेगळा धरला तर त्यांत थोडी भर पडेल, इतकेंच. आतां गडावर पोंहोंचल्यावर मंडळी काय करितात हें सर्वांस ठाऊक आहे. मडक्यांतलें दहीं होतें, पिठलें-भाकरी होते, आणि त्याआधीं गरम कांदाभजीची एक प्लेट होतेच. शंभर ग्रॅम कांदाभजी म्हटली तरी तींत तीनशेंच्या घरांत उष्मांक असतात. दीड तास धापा टाकीत जें जाळलें तें वर बसल्यापासून दहा मिनिटांत परत मिळतें. आम्ही स्वतः गेलीं कित्येक वर्षें शाळेच्या सहलीबरोबर गड चढत आहों आणि भजीही खात आहों. यांत आम्हांस कांहीं गैर वाटत नाहीं. मात्र ‘गड चढून आलों, आतां दिवसभर कांहींही चालेल’ हा जो एक समज त्या भज्यांबरोबर पोटांत जातो, तो हिशेबांत टिकत नाहीं.

एका तासांत मनुष्य जास्तींत जास्त किती जाळूं शकेल, याची मर्यादा कोण ठरवितें? ती ठरवितें त्याचें हृदय आणि त्याचीं फुफ्फुसें. चुलीस हवा जितकी मिळेल तितकाच जाळ होतो. त्याप्रमाणें शरीरांत प्राणवायु जितका पोंहोंचेल तितकेंच इंधन जळतें. एक लिटर प्राणवायु वापरला गेला म्हणजे सुमारे ५ उष्मांक मोकळे होतात. स्वस्थ बसलेलें शरीर दर किलो वजनामागें मिनिटास साडेतीन मिलिलिटर प्राणवायु घेतें. त्यावरून ५० किलोच्या मनुष्याचा बसल्याजागचा खर्च तासाला ५० उष्मांकांच्या थोडा वर येतो. तोच मनुष्य तरुण व निरोगी असला आणि प्राणपणानें धांवूं लागला, तर हें प्रमाण दर किलोस ४० मिलिलिटरांपर्यंत चढतें. म्हणजे मिनिटास दोन लिटर प्राणवायु आणि १० उष्मांक. परंतु त्या टोंकाला तो चारपांच मिनिटेंच टिकेल. तासभर टिकावयाचें तर टोंकाच्या दोनतृतीयांशांवर राहिलें पाहिजे, आणि तेव्हां तासाचा आंकडा ४०० होतो. दोरीवरच्या उड्यांचेंही असेंच आहे. ४५ किलोच्या मुलीस उड्या मारण्यास मिनिटास सुमारे ८ उष्मांक लागतात हें खरें. पण त्यास साठांनीं गुणून ‘तासास ४८०’ असें जें लिहितात तें व्यर्थ होय. सतत साठ मिनिटें दोरीवर उड्या मारणारी विद्यार्थिनी आम्हीं तरी पाहिलेली नाहीं. दहा मिनिटांत पाय लटपटूं लागतात.

धांवण्याचा एक सोपा नियम आहे, आणि तो आम्हांस फार आवडतो, कारण त्यांत वेगाची फारशी कटकट नाहीं: एक किलोमीटर धांवण्यास दर किलो वजनामागें सुमारे एक उष्मांक. ५० किलोचा विद्यार्थी पांच किलोमीटर धांवला, तर अडीचशें. मग तो तीस मिनिटांत धांवो कीं चाळीस मिनिटांत. चालण्यास याच्या निम्मा खर्च धरावा. अर्थात् बसल्याजागीं जो खर्च झालाच असता तो सोडून. म्हणजे ६० किलोच्या गृहस्थानें रोज संध्याकाळीं तासभर, पांच किलोमीटर फिरावयास जावें, तर त्यास दीडशें उष्मांकांचा अधिक खर्च येईल. सामान्य मनुष्याच्या एक तासाच्या खऱ्याखुऱ्या व्यायामाचा हिशेब २०० ते ५०० यांच्या दरम्यान बसतो, आणि चांगला कसलेला धांवपटू असला तर ६००-७०० पर्यंत जातो. एक हजार हा आंकडा गांठण्यासाठीं ७० किलोच्या माणसानें तासांत १४ किलोमीटरांहून अधिक धांवलें पाहिजे.

जगांतील अव्वल धांवपटूंचें काय, असें मुलें विचारतातच. केनियाच्या केल्विन किप्टम यानें ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं शिकागो येथें ४२.१९५ किलोमीटरांची मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पुरी करून जगाचा विक्रम केला. (पुढें चारच महिन्यांनीं मोटारीच्या अपघातांत हा तरुण मृत्यु पावला.) ६० किलो वजनाच्या माणसानें त्या वेगानें धांवावयाचें म्हटलें, तर दोन तासांत अडीच हजार, म्हणजे तासाला साडेबाराशें उष्मांक होतात. मनुष्यजातीच्या शक्तीची ही जवळजवळ सीमा झाली. आणि आमच्या वर्गांतील एका मुलाचे वडील व्यायामशाळेंतील यंत्राच्या कांचेवर पंचेचाळीस मिनिटांत ९०० हा आंकडा पाहून आले होते! त्यांनीं तो आम्हांस मोठ्या समाधानानें सांगितला. आम्हीं एवढेंच विचारलें, "यंत्रानें आपलें वजन विचारलें होतें काय?" नव्हतें. दांडीस धरून चालत होतां काय? होय, धरून. दांडीवर अंगाचा भार टाकिला म्हणजे पायांचें काम हलकें होतें. यंत्रास तें कळत नाहीं. शिवाय बसून राहिलें असतां जे ५०-६० उष्मांक खर्च झालेच असते, तेही यंत्र स्वतःच्या खातीं जमा करून दाखवितें.

मनगटावरच्या पट्ट्यांची कीर्ति याहून बरी नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं अशा सात यंत्रांची ६० स्वयंसेवकांवर परीक्षा घेऊन २०१७ सालीं ती प्रसिद्ध केली. नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनीं बरोबर मोजले. उष्मांकांच्या बाबतींत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के निघाली, आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. इतकीं चुकीचीं उत्तरें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही वरच्या वर्गांत घालीत नाहीं.

प्लॅस्टिकचें जाकीट घालून उन्हांत धांवणाऱ्या मुलांसाठीं येथेंच दोन शब्द. सामन्यानंतर वजन अर्धा-एक किलोनें उतरलेलें दिसतें तें पाणी होय. दोन तांब्ये पाणी प्यालें कीं तें परत येतें, आणि तें परत आलेंच पाहिजे. घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे. उन्हाळ्यांत असा उद्योग करणें हें जिवावर बेतण्यासारखें आहे.

तासाचा आंकडा लहान वाटला तर दिवसाचा पहा. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यांत ६५ किलोच्या बैठ्या पुरुषास दिवसास २११० उष्मांकांची गरज सांगितली आहे, आणि जड अंगमेहनत करणाऱ्यास ३४७०. फरक १३६० चा. दिवसभर पाठीवर पोतीं वाहणारा हमाल, किंवा उभ्या दिवसभर कुदळ मारणारा मजूर, बसून लिहिणाऱ्या कारकुनापेक्षां जितकें अधिक जाळतो तें एवढेंच. हा आंकडा पाहिल्यावर पाऊण तासांत ९०० उष्मांक जाळल्याची बढाई आपल्या जागीं बसते.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट गेल्या कांहीं वर्षांत उजेडांत आली आहे. टांझानियाच्या उत्तर भागांत हाड्झा नांवाचे लोक शिकार करून व कंदमुळें खणून राहतात. त्यांच्यांतील पुरुष दिवसास सुमारे ११ किलोमीटर, आणि स्त्रिया जवळजवळ ६ किलोमीटर चालतात. त्यांस विशेष प्रकारचें पाणी पाजून, त्यांतील जड हायड्रोजन व जड प्राणवायु शरीरांतून किती वेगानें नाहींसे होतात यावरून दिवसाचा एकंदर खर्च काढण्याची खात्रीची रीत आहे. त्या रीतीनें हर्मन पाँट्झर व त्यांचे सहकारी यांनीं हा खर्च मोजून २०१२ सालीं प्रसिद्ध केला. शरीराचा आकार लक्षांत घेतां तो बैठे जीवन जगणाऱ्या अमेरिकन व युरोपीय लोकांइतकाच निघाला! म्हणजे शरीर हें एखाद्या धोरणी गृहिणीसारखें वागतें. एका बाजूस खर्च वाढला कीं ती दुसऱ्या बाजूस हात आंखडते, आणि महिन्याचा आंकडा फार चढूं देत नाहीं. २०२१ सालच्या एका संशोधनांत, हालचालीवर खर्च झालेल्या दर १०० उष्मांकांपैकीं सरासरीनें २८ शरीर अन्यत्र बचत करून भरून काढतें असें दिसलें. २०१५ सालीं कांहीं धांवपटू आठवड्यास सहा मॅरेथॉन या हिशेबानें अमेरिका खंड ओलांडीत होते. वीस आठवड्यांनंतर त्यांचा खर्च हिशेबापेक्षां दिवसास सुमारे ६०० उष्मांकांनीं कमी भरला. त्या अभ्यासकांनीं २०१९ सालीं असें अनुमान काढलें कीं, महिनोन् महिने टिकवावयाचा खर्च विश्रांतींतील खर्चाच्या अडीचपटीच्या वर नेणें मनुष्यास साधत नाहीं.

आपल्या स्थूल मुलास पहांटे उठवून पळावयास लावणाऱ्या पालकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. एक किलो चरबींत सुमारे ७७०० उष्मांक सांठविलेले असतात. रोज दीडशें उष्मांकांचें चालणें धरलें, आणि खाणें तेंच राहिलें, तर एक किलो उतरावयास कागदावर ५१ दिवस लागतात. शरीराची ती २८ टक्के बचत वजा केली तर ७१ दिवस. तोंवर मुलगा ‘पळून कांहीं होत नाहीं’ असें म्हणून मैदानच सोडून देतो, आणि तेंच मोठें नुकसान. ज्या घरांत शीतपेयाची मोठी बाटली रोज जेवणाबरोबर येते, त्या घरांत ती बाटली न आणणें हा फार सोपा उपाय आहे. पाव लिटर शीतपेयांत सुमारे २६ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराहून अधिक उष्मांक असतात. ५० किलोच्या मुलास तेवढ्यासाठीं दोन किलोमीटर धांवावें लागतें. वजनाचा प्रश्न बव्हंशीं ताटावर सुटतो. मैदानाचें काम निराळें आहे. वाढत्या वयांत हाडें घट्ट होतात तीं उड्या मारल्यानें व पळल्यानें. हृदयास बळ येतें, झोंप लागते, मन ताजें राहतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस दिवसास सरासरी ६० मिनिटें दमदार खेळ सांगितला आहे तो याचसाठीं.

आतां त्या वहीकडे परत येऊं. तिच्या उजवीकडच्या ९०० चा आम्हीं पुन्हां हिशेब केला. दहा मिनिटें दोरी, ८२. चार किलोमीटर धांवणें, १८०. दहा वेळां जिना, ४२. एकूण ३०४. आंकडा काढला खरा, परंतु तो तिला दाखवावा कीं नाहीं याचा आम्हांस दोन दिवस मोठा विचार पडला. ९०० च्या जागीं ३०० लिहिले, तर तिच्या त्या वजाबाकींत शिल्लक २०० ऐवजीं ८०० दिसणार, आणि उद्यांपासून डबा सगळाच परत येणार. एक चूक दुरुस्त करून दुसरीस बळ द्यावयाचें!

चूक बेरजेंत नव्हती, मांडणींत होती. त्या पानावर खर्चाची पहिली रकमच लिहिलेली नव्हती. ४५ किलोची मुलगी चोवीस तास अंथरुणांत पडून राहिली, तरी तिचें हृदय चालतें, मेंदू चालतो, अंग ऊबदार राहतें. मेंदूच एकटा या विश्रांतींतील खर्चाचा सुमारे पांचवा भाग खातो, मग पुढें प्रश्नपत्रिका असो वा नसो. या सर्वांस मिळून १२०० ते १३०० उष्मांक लागतात. म्हणजे तिचें दिवसाचें अकराशेंचें खाणें दोरी हातीं घेण्यापूर्वींच संपलें होतें. त्याच पोषण संस्थेच्या तक्त्यांत १३ ते १५ वर्षांच्या मुलीची गरज २४०० आणि त्याच वयाच्या मुलाची २८६० सांगितली आहे. त्यांत हिंडणें-फिरणें आलें, खेळ आला, आणि उंची वाढणेंही आलें. तेव्हां खरी वजाबाकी २४०० मधून ११०० ची, आणि ती उलट दिशेची: रोज १३०० ची तूट. तांबड्या रेघा त्या आंकड्याखालीं ओढावयास हव्या होत्या.

तूट पडली कीं ती धोरणी गृहिणी काय करिते तें तिच्या आईच्या बोलण्यांतून आपोआप बाहेर आलें. मुलगी दिवसाही स्वेटर घालून बसते, चिडचिड करिते, केंस गळतात, आणि दोन महिने मासिक पाळी आलेली नाहीं. शरीर एकेक दिवा मालवीत होतें. अन्नापेक्षां खेळाचा खर्च जास्त झाल्यानें होणाऱ्या या बिघाडाची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीं २०१४ सालीं स्वतंत्र नांव देऊन दखल घेतली आहे. त्यांत हाडेंही ठिसूळ होऊं लागतात, आणि या वयांत बुडालेली हाडांची ठेव पुढें पुरती भरून निघत नाहीं. आम्हीं तिच्या आईस डॉक्टरांकडे जाण्यास सांगितलें आणि त्या लगेच गेल्या. ज्या पालकांस आपल्या मुलींत वा मुलांत अशीं लक्षणें दिसतील, त्यांनीं लाजून वा रागावून न बसतां तेंच करावें. पुष्कळदां मुलगा स्नायु कमावण्याच्या नादांत हेंच करितो आणि घरांत त्याचें कौतुक होत असतें.

पुढच्या तासास आम्हीं वर्गापुढें उभे राहून सांगितलें कीं, ‘खाल्लेलें जिरवलें पाहिजे’ हें आमचें वाक्य चुकीचें होतें. खाल्लेलें अन्न जिरविण्याचें काम शरीर तुम्हांस न विचारतां रात्रंदिवस करीत असतें. नांव अर्थात् कोणाचें घेतलें नाहीं. मग फळ्यावर वरचें सर्व गणित मांडिलें. जिना, गड, प्राणवायु आणि १३०० ची ती तूटही, एका काल्पनिक मुलीची म्हणून. ती मुलगी तिसऱ्या बांकावर खालीं मान घालून लिहून घेत होती. आम्हांस वाटलें, आपण फारच उघड बोललों.

तास संपल्यावर वही घेऊन ती टेबलापाशीं आली. डबा खाल्ला काय, असें विचारण्याचें आमच्या ओठांवर आलें होतें. तें आम्हीं आंवरलें. तिनें जिन्याच्या गणितावर बोट ठेविलें.

"सर, यांत चूक आहे. दप्तर धरलंच नाहीं."

दप्तर तोलून पाहिलें. पांच किलो भरलें. ४५ च्या जागीं ५० घालून तिनें तेथेंच गुणाकार केला, चौपट केली, आणि सव्वाचार खोडून ४.७ लिहिलें.